बिचारा कोण?

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळच्या सत्रात केलेल्या भाषणाचा मजकूर. वक्त्या १९७८ च्या दहावीच्या तुकडीच्या विद्यार्थिनी असून एका बँकेतून अधिकारी म्हणून निवृत्त झाल्या आहेत.)



संयोजकांचा महिन्यापूर्वी फोन आला तेव्हा त्यांनी मला 'निवृत्तीनंतरची गुंतवणूक' हा विषय सुचवला होता. अडतीस वर्षं बँकेत काढलेल्या बाईला दुसरं काय विचारणार! मी म्हटलं, मुदत ठेवींचं मी जेवणाच्या पंगतीत सांगेन, आणि तेही फुकट. व्यासपीठावर मला दुसरंच काही बोलायचं आहे.

आपल्या तुकडीचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे. एरवी त्यावर सुप्रभात, वाढदिवस आणि गुडघेदुखीवरचे उपाय चालतात. दिवाळीच्या आधी कोणीतरी एक बातमी टाकली. एका नामवंत माणसावर हाताखालच्या स्त्रियांनी गैरवर्तनाचा आरोप केला होता आणि त्याला पद सोडावं लागलं होतं. नाव घेत नाही, कारण चौकशी अजून चालू आहे. एका मित्राने लिहिलं, "बिचारा! चाळीस वर्षांची कमाई एका दिवसात धुळीला मिळाली." त्याखाली हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली. मग एका मैत्रिणीने लिहिलं, "असल्यांना भर चौकात उभं करा." दोन दिवस हे चाललं. दोघे जण ग्रुप सोडून गेले. त्यातला एक समोर पहिल्या रांगेत बसलाय. सकाळच्या पोह्यांनी राग निवलेला दिसतो.

मी मात्र एक अक्षर लिहिलं नाही. कारण 'बिचारा' हा शब्द मीही एकदा वापरलेला आहे. कोणासाठी वापरला आणि त्याची किंमत कोणी मोजली, ते आज तुमच्यासमोर सांगायचं ठरवून आले आहे. पण आधी आपल्या शाळेतली एक गोष्ट सांगते.

आठवी ब. पन्हाळ्याच्या सहलीची वर्गणी जमा झाली होती आणि बाईंच्या टेबलाच्या खणातून तिचं पाकीट नाहीसं झालं. मधल्या सुट्टीत वर्गातून शेवटी बाहेर पडलेला मुलगा एकच होता. त्याची स्वतःची वर्गणी भरायची राहिली होती. झालं, आमचा निकाल लागला! बाईंनी त्याला मारलं नाही, पण सगळ्या वर्गासमोर उभं करून विचारलं, "तूच होतास ना शेवटी?" तो "बाई, मी नाही घेतलं" एवढंच म्हणाला. तिसऱ्या दिवशी ते पाकीट चाचणीच्या पेपरांच्या गठ्ठ्यात सापडलं. बाईंनीच घाईत ठेवलं होतं.

पुढे बाईंनी जे केलं, ते मी आजतागायत विसरले नाही. हेडसरांना सोबत घेऊन त्या वर्गात आल्या, त्याला पूर्ण नावाने हाक मारली आणि म्हणाल्या, "मी तुझ्यावर विनाकारण संशय घेतला. माझी चूक झाली, मला माफ कर." तेरा वर्षांच्या मुलाची माफी! जिथे आरोप झाला तिथेच, तेवढ्याच लोकांसमोर आणि तेवढ्याच मोठ्या आवाजात.

आरोप आणि गुन्हा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला त्या दिवशी कळलं. म्हणून "आरोप झाला म्हणजे त्याने केलंच असणार" असं कोणी म्हणालं की मला आठवी ब आठवते.

हीच गोष्ट आपल्या देशात फार मोठ्या प्रमाणावर घडलेली आहे. नंबी नारायणन हे इस्रोतले शास्त्रज्ञ, द्रवरूप इंधनावर चालणाऱ्या इंजिनांच्या कामातलं मोठं नाव. नोव्हेंबर १९९४ मध्ये केरळ पोलिसांनी त्यांना हेरगिरीच्या आरोपाखाली अटक केली. पन्नास दिवस ते कोठडीत होते. १९९६ मध्ये सीबीआयने हे प्रकरण खोटं असल्याचा अहवाल दिला, १९९८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते संपवलं. पण गेलेली वर्षं? संशोधनाचा ऐन बहराचा काळ? पन्नास लाखांची भरपाई द्यावी असं सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं ते २०१८ मध्ये, आणि पद्मभूषण मिळालं २०१९ मध्ये. तेव्हा त्यांनी पंच्याहत्तरी ओलांडली होती. अशा माणसाला सहानुभूती देणं फार थोडं झालं. त्याचं आपण सगळे देणं लागतो.

तेव्हा ज्या मित्राने 'बिचारा' लिहिलं, त्याच्या मनातली भीती मला समजते. निरपराध माणूस भरडला जातो, हे खरं आहे. पण या उदाहरणात एक गोष्ट नीट पाहा. आरोप करणारं कोण होतं? पोलीस. म्हणजे ज्यांच्या हातात सत्ता होती ते. आरोप सोसणारा कोठडीत होता. आपण ज्या बातम्यांवर भांडतो, त्यांत बहुतेक वेळा नेमकं उलटं असतं. सत्ता, नाव, ओळखी आरोपीकडे असतात, आणि तक्रार करणारीकडे फक्त तिची नोकरी असते. तीही टिकेल की नाही, याची खात्री नसते.

या दुसऱ्या प्रकारचंही उदाहरण देते. जुलै १९८८, चंदीगड. एका सरकारी अधिकाऱ्याच्या घरच्या मेजवानीत पंजाबचे तेव्हाचे पोलीस महासंचालक के. पी. एस. गिल यांनी आपला विनयभंग केला, अशी तक्रार रूपन देओल बजाज यांनी केली. बजाज साध्यासुध्या बाई नव्हत्या, आयएएस अधिकारी होत्या. तरी पुढच्याच वर्षी उच्च न्यायालयात तक्रार रद्द झाली. त्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या आणि १९९५ मध्ये खटला पुन्हा उभा राहिला. १९९६ मध्ये गिल दोषी ठरले. शेवटचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने दिला तो २००५ मध्ये, आणि दोषसिद्धी कायम राहिली. एकूण सतरा वर्षं!

आता या सतरा वर्षांत गिल यांच्या कारकिर्दीचं काय झालं? १९८९ मध्ये पद्मश्री मिळाली. १९९४ पासून ते भारतीय हॉकी महासंघाचे अध्यक्ष होते. खालच्या न्यायालयात दोषी ठरल्यावरही होते, सर्वोच्च न्यायालयाने शिक्कामोर्तब केल्यावरही होते. ते पद गेलं २००८ मध्ये, आणि त्याला कारण हॉकीच्या कारभारातलं निघालं. पंजाबातल्या दहशतवादाविरुद्धच्या त्यांच्या कामाबद्दल लोकांची मतं वेगवेगळी आहेत, त्यात मी शिरत नाही. माझं म्हणणं एवढंच, की 'एका आरोपाने आयुष्य उद्ध्वस्त होतं' हे आपण धरून चालतो, पण पुष्कळदा न्यायालयाच्या निकालानेही काही होत नाही.

अलीकडचं उदाहरण सगळ्यांना आठवत असेल. ऑक्टोबर २०१८ मध्ये पत्रकार प्रिया रमाणी यांनी परराष्ट्र राज्यमंत्री एम. जे. अकबर यांचं नाव घेतलं. १९९३ मध्ये मुंबईच्या एका हॉटेलात झालेल्या नोकरीच्या मुलाखतीबद्दल त्यांचं म्हणणं होतं. मग आणखी अनेक महिला पत्रकार पुढे आल्या. अकबर यांनी सगळे आरोप नाकारले, रमाणींवर फौजदारी बदनामीचा खटला भरला आणि १७ ऑक्टोबरला मंत्रिपदाचा राजीनामा दिला. फेब्रुवारी २०२१ मध्ये दिल्लीच्या न्यायालयाने रमाणींना निर्दोष सोडलं. प्रतिष्ठेचा हक्क स्त्रीच्या सन्मानाच्या हक्काची किंमत देऊन राखता येणार नाही, आणि स्त्रीला अनेक वर्षांनंतरही आपलं गाऱ्हाणं मांडता येतं, असं न्यायालयाने म्हटलं. अकबर यांनी त्यावर उच्च न्यायालयात अपील केलं. एक ध्यानात ठेवा, हा खटला रमाणींवर होता. अकबर यांच्यावरच्या आरोपांची सुनावणी त्यात नव्हती, म्हणून त्यांना दोषी म्हणण्याचा अधिकार तुम्हाला-मला नाही. पण त्या दोन-अडीच वर्षांत आरोपीच्या पिंजऱ्यात तारखांना कोण उभं होतं? बोलणारी बाई. आणि २०२५ मध्ये परदेशी गेलेल्या सर्वपक्षीय शिष्टमंडळांपैकी एकात अकबर होते. म्हणजे कारकीर्द कायमची संपली, असंही नाही.

रूपन बजाज आयएएस होत्या, रमाणी नामवंत पत्रकार होत्या. ज्यांना पद नाही, ओळख नाही, त्यांचं काय होतं? आता माझी गोष्ट.

१९८९ साल. मी एका शाखेत नवी अधिकारी होते, वय सव्वीस. आमचे वरिष्ठ म्हणजे गावातलं मोठं नाव. वाचनालयाच्या कार्यक्रमाला पाहुणे तेच, गणेशोत्सवाच्या व्याख्यानाला वक्ते तेच. आवाज गोड, बोलणं लाघवी. मला त्यांनी कामात खूप शिकवलं, हेही खरं आहे. आमच्याकडे एक मुलगी अनुकंपा तत्त्वावर लागली होती, टायपिस्ट म्हणून. वडील नोकरीत असतानाच गेले होते. घरी आई, आणि शाळेत जाणारा धाकटा भाऊ. कॅश जुळल्यावर सगळे घरी निघाले की साहेब तिला काहीतरी टाइप करायला थांबवून घ्यायचे. एके दिवशी डब्याच्या वेळी ती मला जिन्यात घेऊन गेली आणि काय घडतं ते सांगितलं. सांगताना ती माझ्याकडे बघत नव्हती, हातातल्या डब्याचं झाकण उघडत-मिटत होती.

माझा तिच्यावर विश्वास बसला. एका क्षणात बसला. आणि तरी मी काय म्हणाले? "अगं, साहेबांना दोन मुली आहेत. थोरलीचं लग्न ठरलंय. आता हे बाहेर आलं तर त्या घराचं काय होईल? बिचारे, उमेदीने उभं केलंय सगळं. तू असं कर, बदली मागून घे."

बदली मिळाली नाही. चार महिन्यांनी तिने राजीनामा दिला. कारण लिहिलं होतं, 'घरगुती अडचण'. अर्ज पुढे पाठवताना त्यावर माझी सही होती. साहेब यथावकाश शाल-श्रीफळ घेऊन निवृत्त झाले. त्या समारंभाचं आभारप्रदर्शन मी केलं, आणि चांगलं केलं असं सगळे म्हणाले.

पुढे बऱ्याच वर्षांनी ती मला एसटी स्टँडवर भेटली. डब्यांचा व्यवसाय करत होती. मला वाटलं ओळख दाखवणार नाही, पण चहाला घेऊन गेली. निघताना म्हणाली, "ताई, तुम्ही तेव्हा त्यांच्या मुलीच्या लग्नाचा विचार केलात. माझंही लग्न राहिलं होतं."

ही गोष्ट मी तिची परवानगी घेऊन सांगते आहे. ती म्हणाली, "सांगा. पण माझी दया येईल असं नका सांगू."

त्या वाक्यावर मी खूप विचार केला. मी निर्दय नव्हते. माझ्याकडे सहानुभूती भरपूर होती, पण ती सगळी एकाच पारड्यात पडली. साहेबांची कारकीर्द मला दिसत होती, कारण ती उभी होती. तिला पाटी होती, टाळ्या होत्या. तिची कारकीर्द अजून सुरूच व्हायची होती, म्हणून ती गेलेली मला दिसली नाही. कॅशियर झाली असती, अधिकारी झाली असती, कदाचित माझ्या जागी तीच येऊन बसली असती. मोठ्या माणसाचं पद गेलं की वर्तमानपत्रात बातमी येते. अशा मुलीची नोकरी जाते तेव्हा 'घरगुती अडचण' एवढीच नोंद राहते.

तुम्ही म्हणाल, तेव्हा तक्रार करायची तरी कुठे? खरं आहे. राजस्थानात बालविवाह थांबवायला गेलेल्या भंवरी देवींवर १९९२ मध्ये बलात्कार झाला. त्यानंतर महिला संघटना सर्वोच्च न्यायालयात गेल्या आणि १९९७ मध्ये विशाखा निकालाने कामाच्या जागेसाठी पहिल्यांदा नियम घालून दिले. कायदा झाला २०१३ मध्ये. त्यानंतर आमच्या बँकेत अंतर्गत समिती नेमली, तेव्हा अध्यक्ष म्हणून मला विचारलं. मी लगेच हो म्हटलं. का, ते आता तुमच्या लक्षात आलं असेल.

समितीतलं एकही प्रकरण मी सांगणार नाही. कायद्यानेच ते गुप्त ठेवायचं असतं. पण पद्धत सांगते, कारण बऱ्याच जणांना वाटतं की बाईने बोट दाखवलं की पुरुषाची नोकरी गेली. तसं नाही. तक्रार लेखी लागते, घटनेपासून तीन महिन्यांत. सबळ कारण असेल तर आणखी तीन महिने मिळतात. तक्रारीची प्रत सात दिवसांत त्या माणसाला द्यायची आणि त्याला उत्तराला दहा दिवस द्यायचे, कामाचे दिवस धरून. दोघांचे साक्षीदार ऐकायचे. वकील कोणालाच आणता येत नाही. समितीत निम्म्याहून कमी स्त्रिया चालत नाहीत आणि एक सदस्य बाहेरचा लागतो. चौकशी नव्वद दिवसांत पुरी करायची. मुद्दाम खोटी तक्रार केली असं सिद्ध झालं तर तिच्यावरही कारवाई होते. मात्र केवळ पुरावा कमी पडला म्हणून तिला खोटी ठरवता येत नाही. आणि आरोपीचं नाव जाहीर करण्यालाही याच कायद्याने मनाई आहे.

आठ वर्षं हे काम केल्यावर माझं मत असं झालं आहे. ज्याच्यावर आरोप झाला, त्याचा हक्क सहानुभूतीवर नाही, नीट चौकशीवर आहे. त्याला पूर्ण ऐकून घ्या, वेळेत निकाल द्या. तोवर तुम्ही-आम्ही चौकातल्या फाशीची भाषा करायची नाही. ज्या मैत्रिणीने ती केली, तिलाही मी हे प्रेमाने सांगते. तसंच चौकशी होईपर्यंत त्याला खुर्चीवरून बाजूला व्हायला सांगितलं, तर तो अन्याय समजू नका. साक्षीदार ज्याच्या हाताखाली काम करतात, त्याच्याविरुद्ध ते खरं कसं बोलतील? बँकेत कॅशमध्ये फरक आला की चौकशीपर्यंत कॅशियरला काउंटरवरून उठवतात. त्याला कोणी शिक्षा म्हणत नाही.

निर्दोष ठरला, तर आमच्या बाईंसारखं करा. आरोपाची बातमी पहिल्या पानावर असेल, तर सुटकेचीही पहिल्या पानावर हवी. त्या ग्रुपवर जितके मेसेज आरोपाचे पडले, तितके माफीचे पडले पाहिजेत. इथे आपण सगळेच कमी पडतो. निर्दोष ठरलेल्या माणसाला पुन्हा व्याख्यानाला बोलवायला आपण कचरतो. यावर माझ्याकडे पुरतं उत्तर नाही. पण तक्रारी दाबून टाकणं हे त्याचं उत्तर नव्हे, एवढं मला नक्की कळतं.

आणि दोषी ठरला तर? त्याच्या बायकामुलांबद्दल वाईट वाटू द्या, त्यांनी काही केलेलं नसतं. त्याच्याबद्दलही माणूस म्हणून वाटू द्या. पण पद गेलं म्हणून हळहळू नका. पद, मानधन, हारतुरे हे लोकांनी विश्वासावर दिलेलं कर्ज असतं. तारण बुडालं की कर्ज परत मागतात, ही तर आमच्या धंद्यातली पहिली गोष्ट.

परत यायला वाट असावी का? असावी. मोहम्मद आमिर आठवतो? २०१० मध्ये लॉर्ड्सवर पैशासाठी नो-बॉल टाकले तेव्हा तो अठरा वर्षांचा होता. पाच वर्षांची बंदी आली, इंग्लंडच्या तुरुंगात गेला. त्याने न्यायालयात गुन्हा कबूल केला, शिक्षा पुरी भोगली आणि २०१६ मध्ये त्याच लॉर्ड्सवर पुन्हा गोलंदाजी केली. काहींना ते पटलं नाही. मला पटलं, कारण कबुली आणि शिक्षा दोन्ही आधी झाल्या होत्या. क्रिकेटमधली फसवणूक आणि स्त्रीचा छळ एका मापाने मोजता येत नाहीत, हे मलाही कळतं. पण क्रम तोच हवा. आधी कबुली, मग शिक्षा, मग ज्याचं नुकसान झालं त्याची भरपाई, आणि सहानुभूती त्यानंतर. आपण मात्र पहिल्याच दिवशी सहानुभूती देऊन मोकळे होतो, आणि मग बाकीच्या तीन गोष्टींची कोणी चौकशीच करत नाही.

शेवटचं सांगते. आठवी बमधला तो मुलगा आज या मांडवात आहे. कालच त्याच्याशी बोलले. म्हटलं, बाईंनी माफी मागितली ते आठवतं का रे? म्हणाला, "आठवतं की. पण त्याहून जास्त आठवतं ते हे, की ते दोन दिवस माझ्या बाकावर कुणी बसलं नव्हतं." माझी टायपिस्ट मैत्रीणही शेवटचे चार महिने एकटीच डबा खात होती. मी पलीकडच्या टेबलावर होते.

आपल्या मुली, सुना, नाती आज नोकऱ्या करतात. मुलं, जावई, नातूही करतात. उद्या त्यांच्यापैकी कोणी घरी येऊन काही सांगू लागलं, तर आपण पहिलं वाक्य काय बोलणार, ते आजच ठरवून ठेवा. 'बिचारा' हा शब्द तोंडाशी आला, तर क्षणभर थांबा आणि विचारा, आणखी कोणाचं काय गेलं? तोवर निकाल देऊ नका, पण बाकावर जाऊन शेजारी बसा. एवढं तर आपल्याला या शाळेने नक्कीच शिकवलं आहे.

गुंतवणुकीचे प्रश्न जेवताना विचारा.